मूर्ती नसलेली देवी

पांढुर्णा-सौसर पट्ट्यातल्या मराठी घरांत गॅसची शेगडी आली, तरी चुलीचा मान गेलेला नाही. सारवलेल्या चुलीला हळदकुंकू वाहतात. श्रावणातल्या शिळासप्तमीला तिला विसावा देऊन आदल्या दिवशीचं शिळं खाण्याची रीत अनेक घरांत आहे. तरी चुलीला ना मूर्ती, ना पोथी, ना जत्रा. प्राचीन ग्रीकांची चूलदेवता हेस्टिया आणि रोमनांची व्हेस्टा यांचंही बरंचसं असंच होतं. म्हणूनच त्यांच्याविषयी भलत्या समजुती पसरल्या.

पहिली समजूत अशी, की हेस्टियाने ऑलिंपसवरचं आपलं आसन मद्यदेव डायोनायससला देऊन टाकलं. ही गोष्ट जगभर सांगितली जाते, पण ती एकाही प्राचीन ग्रीक ग्रंथात नाही. रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या १९५५ च्या पुस्तकातून ती पसरली. बारा देवांच्या याद्याच निरनिराळ्या होत्या. काहींत हेस्टिया आहे, काहींत डायोनायसस. प्लेटो तर सांगतो, की बाकीचे देव रथांतून निघतात तेव्हा हेस्टिया एकटी देवांचं घर राखते.

मग ती दुय्यम होती का? मुळीच नाही. मेजवानीत मद्याचं पहिलं आणि शेवटचं अर्घ्य तिचं. नगराच्या सभागृहात तिचा अग्नी तेवत असे आणि नवी वसाहत उभारायला निघालेले लोक मूळ नगरीतून तो सोबत नेत. कथा कमी म्हणून महत्त्व कमी, हा हिशेब मला साफ चुकीचा वाटतो. जिने घर सोडलंच नाही, तिच्या पराक्रमांच्या कथा कुठून येणार?

रोममध्ये व्हेस्टाचं गोल देऊळ होतं, पण आत मूर्ती नव्हती. कवी ओव्हिडलाही आधी ती असेल असंच वाटलं होतं. आत फक्त अग्नी आहे हे त्याला नंतर कळलं. हा अग्नी राखणाऱ्या सहा कुमारिका जन्मभराच्या संन्यासिनी होत्या, हेही खरं नाही. सहा ते दहा वर्षांच्या वयात त्यांची निवड होई आणि सेवा ३० वर्षांची असे. पुढे लग्न करायला त्या मोकळ्या होत्या. मात्र ब्रह्मचर्य मोडल्यास जिवंत पुरण्याची क्रूर शिक्षा होती. 'अखंड' म्हटला जाणारा तो अग्नीही दरवर्षी १ मार्चला नव्याने चेतवत.

हेस्टिया म्हणजे आपली अन्नपूर्णा, असंही म्हटलं जातं. पण माहेराहून नवरीसोबत येणारी अन्नपूर्णा हाती पळी घेतलेली, अन्न देणारी. ग्रीकांकडे धान्य देणारी देवी डिमीटर होती. हेस्टियाच्या जास्त जवळचा आहे तो लग्नात चेतवून घरी सांभाळायचा वैदिक गृह्य अग्नी. तो पुरुषदेव, ती देवी, एवढा फरक ध्यानात ठेवायचा.

व्हेस्टाच्या ९ जूनच्या सणाची तर पोळ्याशी सहज ओळख पटेल. पांढुर्ण्याचा पोळा म्हटलं की बाहेरच्यांना दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरची गोटमारच आठवते, पण त्याचा गाभा बैलाच्या विसाव्यात आहे. रोममध्ये त्या दिवशी जाती थांबत आणि ती ओढणाऱ्या गाढवांना फुलांच्या व पावांच्या माळा घालत.