बांधावरचे तण आणि शेतातला रोग

पिकाच्या शत्रूंची गणना करताना आपण त्यांचे तीन वर्ग पाडतो: तण, कीड आणि रोग. तणासाठी खुरपे, किडीसाठी फवारणी आणि रोगासाठी निरोगी बियाणे, अशी उपायांची वाटणीही ठरून गेलेली आहे. कृषिविद्येच्या पुस्तकांत ही विभागणी सोयीची असते. परंतु निसर्गाच्या कारभारात अशी निरनिराळी खाती नाहीत. तेथे तण रोगाला आसरा देते, कीड त्याला वाट करून देते आणि पिकाला त्याचे प्रायश्चित्त भोगावे लागते. या तिघांची हातमिळवणी झाली म्हणजे काय अनर्थ ओढवतो, याचे एक उदाहरण आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे. ते दूरदेशीचे नाही. आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्याचे आहे आणि २००० सालच्या खरीप हंगामातले आहे.

अनंतपूर हा पर्जन्यछायेतला, देशातील अत्यंत अवर्षणग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. हलकी लाल जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि त्या पावसावर घ्यावयाचे मुख्य पीक एकच, ते म्हणजे भुईमूग. त्या वर्षी पेरण्या झाल्या, पीक उगवून वर आले आणि पाहता पाहता कोवळ्या पानांवर करपल्यासारखे डाग दिसू लागले. डाग देठापर्यंत उतरले, खोड काळवंडले, शेंडा वाळला आणि लहान रोपे तर समूळ मेली. जी जगली ती खुरटली. त्यांना शेंगा धरल्या त्या थोड्या आणि लहान. रोगाची झळ लागलेले क्षेत्र सुमारे सव्वादोन लाख हेक्टर भरले आणि नुकसानीचा अंदाज तीनशे कोटी रुपयांच्या वर गेला. ज्याच्या घरी वर्षाचा सारा व्यवहार या एका पिकावर चालतो, त्याच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ काय, हे वेगळे सांगावयास नको.

प्रथम सर्वांचा संशय एका जुन्या ओळखीच्या रोगावर गेला. भुईमुगाचा शेंडा जाळणारा एक विषाणुजन्य रोग आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्याला शेंडेमर म्हणतात. लक्षणे इतकी सारखी होती, की तोच पुन्हा उसळला असे वाटणे साहजिक होते. परंतु हैदराबादेजवळ पाटणचेरू येथे असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेत रोगट झाडांची तपासणी झाली, तेव्हा निराळेच सत्य उघडकीस आले. शेंडेमरचा विषाणू ओळखणारी परीक्षा या झाडांच्या रसाला लागू पडेना. जी परीक्षा लागू पडली ती तंबाखूवरील रेषारोगाच्या विषाणूची. १९३६ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे तंबाखूच्या पानांवर ज्याचे प्रथम वर्णन झाले, तो हा विषाणू. दक्षिण हिंदुस्थानात सूर्यफुलावर १९९७ पासून असाच एक करपवणारा रोग दिसू लागला होता. त्याच्या मुळाशीही हाच विषाणू असल्याचे आढळले.

येथे विषाणूविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. विषाणू हा जंतूंपेक्षाही कितीतरी सूक्ष्म. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. त्याला स्वतःचे अन्न नाही, वाढ नाही, हालचाल नाही. सजीव पेशीत शिरावे आणि त्या पेशीकडूनच आपल्या प्रती करवून घ्याव्या, एवढाच त्याचा उद्योग. पण वनस्पतीच्या पेशीला भोवती भक्कम भिंत असते आणि ती फोडण्याचे सामर्थ्य विषाणूच्या अंगी नाही. म्हणून त्याला दोन गोष्टी लागतात: एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे नेणारे वाहन आणि आत शिरण्यासाठी जखम. या दोन्ही गोष्टी कोण पुरवते, हा प्रश्न सुटला म्हणजे रोगाचे अर्धे कोडे सुटते.

शेंडेमरच्या बाबतीत ही दोन्ही कामे फुलकिडे करतात. फुलकिडा हा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा, पंखांना केसांची झालर असलेला जीव. फुलांत आणि कोवळ्या पानांच्या घड्यांत तो लपतो, पानाची त्वचा खरवडतो आणि पाझरणारा रस शोषतो. शेंडेमरचा विषाणू त्याच्या शरीरात शिरतो, तेथे वाढतो, आणि बाल्यावस्थेत एकदा विषाणू मिळालेला किडा पुढे आयुष्यभर रोग पसरवू शकतो. अनंतपूरच्या रोगाची रीत मात्र वेगळी होती. येथे विषाणू किड्याच्या शरीरात राहत नव्हता. तो परागकणांवर स्वार झालेला होता. रोगी वनस्पतीचे पराग किड्याच्या अंगाला चिकटून किंवा वाऱ्याने उडून भुईमुगाच्या पानावर पडत. त्याच पानावर फुलकिडे चरत असत. त्यांनी केलेल्या बारीक जखमांतून परागावरचा विषाणू आत जाई. थोडक्यात, घर फोडणारा एक आणि आत शिरणारा दुसरा, असा हा प्रकार होता.

आता उरला तिसरा प्रश्न. हे विषारी पराग आले कोठून? शोध घेता घेता तो माग बांधावर, पायवाटांवर आणि पडीक रानांत जाऊन पोचला. तेथे कंबरभर माजलेले, पांढऱ्या बारीक फुलांनी डवरलेले गाजरगवत उभे होते. त्याच्या पानांवर रोगाचे एकही चिन्ह नव्हते. ते टवटवीत होते, हिरवेगार होते आणि तरीही त्याच्यात विषाणू होता. इतर काही तणांतही तो सापडला. परंतु संख्येने, विस्ताराने आणि परागांच्या विपुलतेने गाजरगवताची बरोबरी करणारे तेथे दुसरे कोणी नव्हते. आजारी दिसणारे झाड शेतकऱ्याला सावध करते; निरोगी दिसणारे तण त्याला बेसावध ठेवते. या प्रकरणातले खरे मर्म येथे आहे.

गाजरगवताचा आणि महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. हे तण मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. आपल्याकडे त्याची ठळक दखल घेतली गेली ती १९५५ साली, पुण्यात. त्यानंतरच्या काही दशकांत ते रस्ते, लोहमार्ग, बाजारपेठा आणि बांधकामाच्या जागा यांच्या कडेकडेने सबंध देशभर पसरले. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आले, असा समज रूढ आहे आणि त्यावरून त्याला लोकांनी नावेही ठेवली. परंतु सार्वजनिक कायदा ४८० खाली धान्य देण्याचा भारताशी पहिला करार झाला तो १९५६ च्या ऑगस्टमध्ये. पुण्यात हे तण त्याआधीच दिसलेले होते. तेव्हा दोष कोणत्या गव्हाचा, हा वाद आपण येथेच सोडून देऊ. ते कसे आले यापेक्षा ते का हटत नाही, हे जाणणे अधिक उपयोगाचे आहे.

ते हटत नाही याचे कारण त्याच्या वेगात आणि त्याच्या बीजसंख्येत आहे. पाऊस पडून ओल झाली, की बी रुजते. प्रथम पाने जमिनीसरशी चक्राकार पसरतात आणि शेजारच्या रोपांना जागा उरत नाही. चारसहा आठवड्यांत फुले येतात. प्रत्येक फुलोऱ्यात बिया अवघ्या पाच. पण असे फुलोरे इतके असतात, की एका जोमदार झाडापासून पंचवीस हजारांपर्यंत बी तयार होते. ते हलके असल्यामुळे वाऱ्याने, वाहत्या पाण्याने, गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलाने दूरवर जाते. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. त्यातील पार्थेनिन नावाच्या द्रव्याने माणसाच्या कातडीला खाज सुटते, पुरळ उठते, आणि पराग नाकात गेल्याने कित्येकांना शिंका व दमा यांचा उपद्रव होतो.

हा वेगच अनंतपूरला नडला. वळवाच्या सरींवर बांधावरचे गाजरगवत उगवते आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येते. नेमका त्याच सुमारास खरिपाचा भुईमूग कोवळा असतो. एका बाजूला परागांचा वर्षाव, दुसऱ्या बाजूला मऊ पाने आणि मध्ये फुलकिड्यांचा सुळसुळाट, असा तिहेरी योग जुळून येतो. रोप जितके लहान, तितका रोग घातक. पीक जून झाल्यावर तोच विषाणू शिरला तरी हानी त्या मानाने कमी होते.

यावर उपाय काय? प्रथम एक कटू सत्य स्वीकारले पाहिजे. विषाणू एकदा झाडात शिरला म्हणजे त्याला बरे करणारे औषध नाही. रोग दिसल्यानंतर केलेली धावपळ आणि फवारणीवरचा खर्च बहुधा वाया जातो. जे करावयाचे ते आधी केले पाहिजे, आणि त्यातील पहिले काम खुरप्याचे आहे. पेरणीपूर्वी आणि पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यात शेतातले तर खरेच, पण बांधावरचे, वाटेवरचे आणि लगतच्या पडीक जमिनीतले गाजरगवत फुलावर येण्याच्या आत उपटून काढावे. ओल असताना ते मुळासकट निघते. उपटताना हातमोजे घालावेत व अंग झाकून घ्यावे. फुले येण्यापूर्वी काढलेले तण खड्ड्यात कुजवून त्याचे खतही करता येते. फुलल्यानंतर मात्र ते खतात टाकणे म्हणजे पुढील वर्षाची पेरणी स्वहस्ते करण्यासारखे आहे.

दुसरा उपाय शेताच्या कडेचा. भुईमूग किंवा सूर्यफूल यांच्या सभोवार ज्वारी, बाजरी किंवा मका अशा लवकर उंच वाढणाऱ्या धान्याच्या काही ओळी दाट पेराव्या. वाऱ्याबरोबर येणारे फुलकिडे व पराग या जिवंत कुंपणाला अडतात. तिसरा उपाय बीजप्रक्रियेचा. कृषी विभागाच्या शिफारशीप्रमाणे बियाण्याला कीटकनाशक चोळून पेरल्यास कोवळ्या रोपांवर फुलकिडे फार माजत नाहीत. रोपे विरळ न ठेवता योग्य दाटीने ठेवावीत, म्हणजे काही मेली तरी पिकाचा तोल सांभाळला जातो.

गाजरगवताला निसर्गातला शत्रूही मिळाला आहे. मेक्सिकोतून १९८३ साली बंगळूर येथे एक भुंगेरा आणण्यात आला आणि चाचण्यांनंतर १९८४ पासून तो मोकळा सोडण्यात आला. त्याचे प्रौढ आणि अळ्या दोन्ही या तणाची पाने फस्त करतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांनी गवताची झाडे निष्पर्ण केलेली आढळतात. परंतु तो पावसाळ्यातच कामाला लागतो; कोरड्या दिवसांत जमिनीत दडी मारून बसतो. त्याची संख्या वाढेपर्यंत बरेचसे गवत फुलून गेलेले असते. तो आपला मदतनीस आहे, पण त्याच्यावर सारा भार टाकून स्वस्थ बसता येणार नाही.

शेवटी एक अडचण उरते, आणि ती कृषिशास्त्राची नसून गावाची आहे. शेतकरी आपले शेत स्वच्छ ठेवतो. पण बांध दोघांचा, रस्ता सरकारचा, गायरान सर्वांचे आणि म्हणून कोणाचेच नाही. गाजरगवत वाढते ते नेमके अशा बिनधन्याच्या जागेत. एकट्याने कितीही भांगलण केली, तरी शेजारच्या पडीक रानातला पराग त्याच्या पिकावर येणारच. वाऱ्याला सातबाऱ्याचा उतारा वाचता येत नाही. ओढ्याची डागडुजी किंवा देवळाचा उत्सव जसा सगळे मिळून करतात, तसेच मृगाच्या पावसानंतर एक दिवस सबंध गावाने बांध, वाटा, शाळेचे आवार आणि चावडीमागची जागा यांतले हे तण उपटले पाहिजे. बेळगाव-धारवाडकडे भुईमूग पिकवणाऱ्याला आणि मराठवाड्यात सूर्यफूल लावणाऱ्याला अनंतपूरच्या अनुभवातून घेण्यासारखा धडा हाच आहे. ज्या गवतावरून नजर फिरवून आपण रोज पुढे जातो, त्यातच पुढच्या हंगामाचे नुकसान दडलेले असू शकते. ते फुलण्यापूर्वी वाकून उपटण्याचे श्रम थोडे आहेत. फुलल्यानंतर भरावी लागणारी किंमत फार मोठी आहे.