आभाळावर हक्क कुणाचा?

१८ एप्रिल २००४ रोजी पुण्याच्या शीतल महाजन उत्तर ध्रुवावर २४०० फुटांवरून पॅराशूट घेऊन उतरल्या. आयुष्यातली ती त्यांची पहिलीच उडी! एखाद्याची हौस तिथेच फिटली असती. त्यांची वाढत गेली. २००६ साली अंटार्क्टिका, २०११ साली पद्मश्री, २०१८ साली थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी. या जिद्दीला आमचा सलाम!

पण आम्हाला प्रश्न पडतो तो साताऱ्या-सांगलीतल्या आमच्या लेकींचा. हे वेड पहिल्या उडीने लागते, टिकते मात्र पैशावर. अमेरिकेत प्राथमिक परवान्यालाच किमान २५ उड्या लागतात आणि दर उडीला विमानाचा खर्च येतो. पाचगणीच्या डोंगरावरून पॅराग्लायडर उडतात, आमची माणसे खालून बघतात. सांगलीच्या फडातली ऊसतोड मजूर बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिच्या पाठीवर पॅराशूट नसते. तिच्या लेकीत धाडस नाही, असे कोण म्हणेल?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवाचे नाव दाखल झाले. त्याला वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागले. तोच विद्यार्थी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. गुणवत्ता होतीच, संधी मिळाली तेव्हा पंख फुटले.

साहसी खेळांसाठी वंचितांच्या मुलींना शासनाने अशीच शिष्यवृत्ती द्यावी. उडी मारायला त्या समर्थ आहेत!