ब्लॉग झटपट उघडण्यासाठी ‘कॅशिंग’

एखादा ब्लॉग उघडण्यास विलंब झाला की दोष इंटरनेट जोडणीला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा सर्व्हर एकच काम पुन्हा पुन्हा करत असल्यामुळे हा विलंब होतो. तो टाळण्याच्या तंत्राला ‘कॅशिंग’ असे म्हणतात.

वर्डप्रेससारख्या प्रणालीवरील ब्लॉगचे पान सहसा तयार स्वरूपात साठवलेले नसते. वाचकाची मागणी येताच सर्व्हर डेटाबेसमधून मजकूर, शीर्षके आणि प्रतिक्रिया काढून ते पान जुळवतो. शंभर वाचक आले, तर तेच पान शंभर वेळा जुळवले जाते. कॅशिंगमध्ये एकदा तयार झालेल्या पानाची प्रत जपून ठेवली जाते आणि पुढील वाचकांना तीच दिली जाते.

चित्रे, फॉन्ट आणि मांडणीच्या फाइल तर क्वचितच बदलतात. त्यांची प्रत वाचकाच्या ब्राउझरमध्येच ठेवता येते. ती किती काळ वापरावी, हे सर्व्हर ‘कॅश-कंट्रोल’ या सूचनेद्वारे कळवतो. मुदत संपल्यावर ब्राउझर केवळ ‘बदल झाला आहे का’ अशी विचारणा करतो. बदल नसल्यास सर्व्हर ‘३०४’ हा संकेतांक पाठवतो आणि संपूर्ण फाइल पुन्हा पाठवण्याची गरज उरत नाही.

प्रत रद्द केव्हा करावी?

प्रत ठेवणे सोपे असले, तरी ती केव्हा रद्द करावी हा खरा प्रश्न आहे. २५ जून २००९ रोजी गायक मायकेल जॅक्सन यांच्या निधनाचे वृत्त येताच विकिपीडियावरील त्यांच्या लेखाकडे वाचकांचा लोंढा वळला. लेखात सतत बदल होत होते आणि प्रत्येक बदलासरशी साठवलेली प्रत रद्द होत होती. परिणामी अनेक सर्व्हर एकाच वेळी तेच पान नव्याने जुळवू लागले आणि यंत्रणेवर असह्य ताण आला. त्यानंतर विकिपीडियासाठी ‘पूलकाउंटर’ ही व्यवस्था विकसित करण्यात आली. तिच्यानुसार एकच सर्व्हर पान जुळवतो. इतर थांबतात किंवा जुनी प्रत देतात.

ब्लॉगलेखकांनाही हाच धडा लागू पडतो. मुख्य पानाची मुदत काही मिनिटांची, तर चित्रांची वर्षभराची ठेवता येते. मांडणीची फाइल बदलल्यास तिचे नावही बदलावे, म्हणजे ब्राउझर जुनी प्रत वापरत नाही. मात्र लॉग-इन केलेल्या व्यक्तीसाठी तयार झालेले पान सामायिक कॅशमध्ये कधीही ठेवू नये. अन्यथा एकाची खासगी माहिती दुसऱ्याच्या पडद्यावर झळकण्याचा धोका संभवतो.