नातवाची मात्रा

औषधाची मात्रा कमी-जास्त करणे हे आमच्या पिढीतल्या बायकांना काही नवे नाही. बाळगुटी उगाळताना सहाणेवर हळकुंडाचे किती वेढे, वेखंडाचे किती, मुरडशेंगेचे किती, हे घरातली म्हातारी बाळाकडे बघून ठरवी. बाळ कालच्यापेक्षा जास्त किरकिरले तर एखादा वेढा वाढे, स्वस्थ झोपले तर तेवढाच कायम राही. (हल्लीचे डॉक्टर गुटी नकोच म्हणतात आणि त्यांच्याजवळ त्याची कारणेही आहेत, पण तो विषय निराळा.) वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मात्र मला मिलिग्रॅमचे वेढे मोजावे लागतील, असे कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

आमचा नातू नऊ वर्षांचा. कोथरूडच्या एका शाळेत चौथीत आहे. गेल्या वर्षी त्याला ‘एडीएचडी’ असल्याचे निदान झाले. आम्ही दोघे, मुलगा-सूनबाई आणि वर्गाच्या बाई अशा सगळ्यांनी लांबलचक प्रश्नावल्या भरल्या, डॉक्टरीणबाई तीन वेळा त्याच्याशी बोलल्या, आणि मग कुठे ते नाव कागदावर उतरले. या नावाचा अर्थ लोक समजतात तसा ‘लक्ष नसणे’ असा नाही. लक्ष भरपूर असते, पण ते पाखरासारखे असते. हवे त्या फांदीवर बसत नाही. मी एकतीस वर्षे गणित शिकवले आहे. हा मुलगा भागाकार तोंडी सांगतो आणि वहीत मात्र वरच्या ओळीतला सात खालच्या ओळीत येईपर्यंत एक होतो. मधल्या वेळात त्याने खिडकीबाहेरची खार, पंख्याचा आवाज आणि शेजारच्या मुलाचे खोडरबर एवढ्या सगळ्यांची चौकशी केलेली असते. त्याच्या बाबांचेही लहानपणी असेच होते. तेव्हा त्याला ‘धांदरट’ एवढेच नाव होते, आणि औषध म्हणजे छडी.

पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी मुलाची उंची, वजन, नाडी, रक्तदाब सगळे पाहिले. घराण्यात कोणाला हृदयविकार, कोणी तरुणपणी अचानक गेलेले, असेही विचारले. वजन सव्वीस किलो भरले, तेव्हा माझ्या मास्तरकीच्या मनाने लगेच त्रैराशिक मांडायला घेतले. पण बाई म्हणाल्या, “आजी, हे गणित वजनावर सुटत नाही. सारख्याच वजनाच्या दोन मुलांत एकाला दहा मिलिग्रॅम पुरतात, दुसऱ्याला चाळीस लागतात. ते आधी ओळखता येईल अशी कुठलीही रक्ततपासणी नाही. खालच्या पायरीपासून चढायचं आणि बघायचं.”

औषधाचे नाव मेथिलफेनिडेट. त्याचा जन्म स्वित्झर्लंडमधला. बाझेल शहरात सिबा कंपनीत लिअँड्रो पानिझॉन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते 1944 साली तयार केले. त्याची बायको मार्गरीट टेनिस खेळण्यापूर्वी ते घेई. तिचे लाडके नाव रीटा, म्हणून औषध झाले रिटालिन! (एका गृहिणीच्या नावाने एवढे मोठे औषध निघावे, याची मला उगाचच मौज वाटते.) मुलांवरचा या जातीच्या औषधांचा गुण त्याआधीच, 1937 साली, अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांच्या ध्यानात आला होता. बेन्झेड्रिन नावाच्या दुसऱ्या एका उत्तेजक औषधाने त्यांच्या संस्थेतल्या कित्येक मुलांचा अभ्यास एकदम सुधारला होता. उत्तेजक औषधाने चंचल मूल स्थिर कसे होते, हा प्रश्न मीही विचारला. उत्तर असे मिळाले की, मेंदूत जो भाग ‘थांब, आधी हे पुरे कर’ असे सांगतो, तो या मुलांत पेंगत असतो. औषध त्याला जागे करते.

पहिला आठवडा पाच मिलिग्रॅम, सकाळी न्याहारीनंतर आणि दुपारी. वहीचे काम माझ्याकडे आले. रोज काय लिहायचे ते बाईंनी सांगितले होते: गोळी किती वाजता, गुण कधीपासून कधीपर्यंत, जेवण, झोप, पोटदुखी, डोकेदुखी, रडणे. ‘आज बरा होता’ असला शेरा चालणार नाही, अशी ताकीद होती. पहिल्या आठवड्यात फरक जवळजवळ नाही. दुसऱ्या आठवड्यात सकाळी दहा, दुपारी पाच. वर्गाच्या बाईंचा निरोप आला, ‘सकाळचे तास चांगले, दुपारी पुन्हा तेच.’ तिसऱ्या आठवड्यात दोन्ही वेळा दहा. त्या शुक्रवारी त्याने दहा गणितांपैकी दहाही शेवटपर्यंत नेली. दोन चुकली, पण ती चुकली होती, सोडून दिलेली नव्हती. हा भेद शिक्षकाखेरीज कोणाला कळायचा नाही!

मग सकाळची मात्रा पंधरा करून पाहिली. वरच्या पायरीवर आणखी फायदा आहे का, हे पाहिल्याशिवाय थांबू नये असा बाईंचा विचार. तो आठवडा मी विसरणार नाही. मुलगा शाळेतून आला, बूट जागेवर ठेवले, हातपाय धुतले, पाटावर येऊन बसला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “किती शहाणा झाला हो!” सगळे खूष. पण त्या दिवशी त्याने मला एकही ‘का?’ विचारला नाही. आजोबांशी कॅरम खेळताना राणी गेली तरी भांडला नाही. तिसऱ्या दिवशी रात्री माझ्या कुशीत शिरून म्हणाला, “आजी, माझ्या डोक्यात गाणी असतात ना, ती बंद झालीत.”

ते वाक्य मी जसेच्या तसे वहीत उतरवले आणि सूनबाईने सकाळीच दवाखान्यात फोन केला. बाईंनी क्षणाचाही विचार न करता मात्रा परत दहावर आणली. म्हणाल्या, “मूल मुकाट बसायला लागलं की लोक म्हणतात औषध लागू पडलं. मी म्हणते, जास्त झालं.” चार दिवसांनी मी सहज विचारले, तर चिरंजीव उत्तरले, “गाणी आहेत गं, पण हळू आवाजात. बाई बोलल्या तर ऐकू येतं.”

नुसते औषध देणे आणि मात्रा बसवणे यांत किती अंतर आहे, हे दाखवणारा एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. त्याचे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. त्यात सात ते नऊ वर्षांची 579 मुले होती. एका गटाची मात्रा काटेकोरपणे बसवून दर महिन्याला डॉक्टर भेटत. दुसऱ्या गटातली मुले आपापल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जात. या दुसऱ्या गटातल्याही सुमारे दोनतृतीयांश मुलांना औषध मिळतच होते, तरी चौदा महिन्यांनी पहिला गट पुष्कळ पुढे होता. आणि ज्या मुलांना औषधाबरोबर घरात व शाळेत वळण लावण्याची मदतही मिळाली, त्यांचे काम थोड्या कमी मात्रेवर भागले. पुढे ती देखरेख संपली, मुले पांगली, आणि तीन वर्षांनी पाहिले तेव्हा गटागटांतला फरक पुसून गेला होता. सासूच्या नजरेने सांगायचे तर, दूध उतू जाऊ नये म्हणून एकदा डोकावून चालत नाही.

त्रास झालाच नाही असे कसे म्हणू? दुपारचा डबा जवळपास तसाच परत येई. सहा आठवड्यांत वजन आठशे ग्रॅमने उतरले. मग गोळीच्या आधी भरपेट न्याहारी सुरू केली, थालीपीठ-लोणी, नाहीतर तूप घातलेली खिचडी. आणि रात्री साडेआठला औषध उतरले की त्याला जी भूक लागते, तिच्यासाठी दुसरे जेवण. संध्याकाळी पाचच्या सुमारास मात्र औषध ओसरताना तो क्षुल्लक गोष्टीवरून भोकाड पसरी. त्यावर तोड म्हणून दोन गोळ्यांऐवजी सावकाश विरघळणारी एकच गोळी सकाळी सुरू झाली. ती चावायची नाही, तोडायची नाही. शाळेत दुपारी गोळी कोणी द्यायची, हा वादही त्याने मिटला.

आता बाहेरच्या कटकटी. आपल्याकडे हे औषध ‘शेड्यूल एक्स’मध्ये मोडते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो आणि दोन वर्षे जपतो, गोळ्या कुलुपात असतात. साहजिकच पुष्कळ दुकानदार ही भानगड नको म्हणून औषध ठेवतच नाहीत. मात्रा बदलली की नवी चिठ्ठी, नवी चिठ्ठी म्हणजे पुन्हा दुकानांची प्रदक्षिणा. माझ्या मुलाने एकदा पाचव्या दुकानात औषध मिळवले आणि चिठ्ठीची दुसरी प्रत रिक्षात विसरून आला. (आनुवंशिकता म्हणतात ती हीच.) नियम मात्र मला जाचक वाटत नाहीत, असले औषध पोरासोरांना परीक्षेच्या आदल्या रात्री सहज मिळू नये हेच बरे.

आणि पैसा. खाजगी डॉक्टर, दर भेटीला पंधराशे रुपये, पहिल्या दोन महिन्यांत सहा भेटी. आमचा विमा इस्पितळात दाखल झाल्याखेरीज दमडी देत नाही. सूनबाईने त्या वर्षी दिवाळीची साडी घेतली नाही, हे तिने कोणाला सांगितले नाही. मीच सांगते आहे. आम्ही पैसे मोजतो ते गोळीचे नव्हेत, गोळी त्या मानाने स्वस्त आहे. मोजतो ते बाईंच्या अर्ध्या तासाचे, ज्यात त्या माझी वही ओळ न् ओळ वाचतात.

वाचक भगिनींना एक विनंती. यातले आकडे आमच्या घरचे आहेत. ते उचलून आपल्या मुलाला लावू नका, आणि परस्पर अर्धी-पाव गोळी करून देऊ नका.

या दिवाळीच्या सुट्टीत औषधाला चार दिवस रजा द्यायचे बाईंनी मान्य केले आहे. भूक परत यावी, एवढाच हेतू. पुढची भेट भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात आहे. तेव्हा पुन्हा काट्यावर उभे राहायचे आहे. तूर्त महाशय सोऱ्या धरून बसले आहेत, चकल्यांचे आकडे काढताहेत आणि निम्मे पीठ ओट्यावर सांडले आहे. कच्ची चकली खाऊन बघू का, असे सकाळपासून चौथ्यांदा विचारून झाले.