ब्राझील आणि दिग्रसचा बाजार

एकादशीच्या दिवशीं यवतमाळ जिल्ह्यांतील दिग्रस गांवीं ज्या घरांत साबुदाण्याची खिचडी शिजते, त्या घरांत ब्राझीलचें नांव सहसा निघत नाहीं. परंतु ज्या कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा होतो, तो मूळचा अ‍ॅमेझॉन नदीच्या नैर्ऋत्य खोऱ्यांतला. तेथील आदिवासींनीं हजारों वर्षांपूर्वीं तो लागवडीस आणिला. त्याच्या कडू जातींत विष असतें. कंद किसून, विणलेल्या नळीसारख्या लांब पिशवींत पिळून आणि मग भाजून तें घालविण्याची युक्तीही त्यांचीच. पुढें पोर्तुगीजांच्या गलबतांनीं हा कंद दूरदूर नेला. काजूही त्याच देशांतून गोव्यास उतरला, आणि त्याचें नांवदेखील तेथील तुपी भाषेंतलेंच आहे.

ह्या देशाचें क्षेत्रफळ सुमारें ८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या अडीच पटींहून अधिक. लोकसंख्या मात्र २०२२ च्या गणनेप्रमाणें २० कोटि ३० लाख. उत्तरेस अ‍ॅमेझॉनचें सदाहरित अरण्य, ईशान्येस अवर्षणाचा मुलूख, पूर्वेस समुद्रकांठचीं गजबजलेलीं शहरें, आणि मध्यभागीं ‘सेराडो’ नांवाचें गवताचें व खुरट्या झाडांचें विस्तीर्ण पठार. १९६० मध्यें रिओ द जानेरोहून राजधानी हलविली ती ह्याच पठारावर, नव्यानें वसविलेल्या ब्राझीलिया नगरींत.

पेद्रो काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानाकडे निघाला असतां १५०० च्या एप्रिलमध्यें ह्या किनाऱ्यास लागला, आणि कांहीं दिवसांनीं आपल्या मूळच्या वाटेनें कालिकतकडे गेला. मागाहून पोर्तुगीजांनीं येथें उंसाचे मळे, सोन्याच्या खाणी व कॉफीच्या बागा उभारल्या. त्यांसाठीं सुमारें ४८ लाख आफ्रिकन माणसें गुलाम करून आणिलीं. देश १८२२ मध्यें स्वतंत्र झाला, तरी गुलामगिरी १८८८ पर्यंत चालूच होती. पश्चिम गोलार्धांत ती सर्वांत शेवटीं उठली ती येथेंच. सांबाचा ठेका, बाहिया प्रांतांतील देवतांची उपासना, तेथल्या रस्स्यांतील पामतेल हें सारें त्या गुलामांच्या वंशजांचें देणें होय. कार्निव्हलचीं रंगीत चित्रें पाहणाऱ्यास ही गोष्ट कळतेच असें नाहीं. पुढें इटालियन, जर्मन आणि १९०८ पासून जपानी लोकही येऊन मिसळले. भाषा मात्र सर्वांची पोर्तुगीज.

भारतानेंही ह्या देशास कांहीं दिलें आहे. तेथील वीस कोटींहून अधिक गुरांपैकीं बहुसंख्य गुरांच्या पाठीवर वशिंड दिसतें. एकोणिसाव्या शतकापासून १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांपर्यंत तेथें नेलेल्या ओंगोल, गीर व कांक्रेज जातींचीच ती संतति. ओंगोलला तेथें ‘नेलोर’ म्हणतात.

सेराडोची माती तांबडी, आम्लधर्मी; दिग्रसच्या काळ्या कसदार जमिनीपुढें ती कोणासही टाकाऊ वाटावी. ती सुधारण्याच्या कामास १९७३ मध्यें स्थापन झालेल्या ‘एम्ब्रापा’ ह्या सरकारी संशोधनसंस्थेनें मोठें बळ दिलें. मातींत चुना मिसळून आम्लता घटविली. सोयाबीन हें पूर्व आशियाच्या थंड मुलखांतलें पीक; उष्ण कटिबंधांतील आंखूड दिवसांत तें वाढ होण्यापूर्वींच फुलोऱ्यावर येई. तसें न होणारे वाण निवडून काढिले. त्याच्या मुळांवरील जीवाणू हवेंतील नत्र पुरवितात, म्हणून त्या खताचा खर्चही वांचला. २०२२-२३ मध्यें ब्राझीलचें सोयाबीन सुमारें साडेपंधरा कोटि टन झालें. भारताचें त्याच्या दशांशाच्या आसपास. ह्याची किंमतही जबर आहे: सेराडोचें निम्में मूळ वनवैभव नाहीसें झालें, आणि सोयाबीनच्या व कुरणांच्या रेट्यानें अ‍ॅमेझॉनच्या अरण्याचीही कड मागें सरत गेली.

भारत सोयाबीनचें तेल मुख्यत्वें अर्जेंटिना व ब्राझील येथून आणितो, आणि भारतीय पेंड परदेशीं विकावयाची तर गांठ ह्याच दोघांशीं पडते. दिग्रसकडे दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन कापतात, तेव्हां सेराडोंत पेरणी चाललेली असते. जानेवारीपासून तें पीक निघूं लागतें. भाव चढेल ह्या आशेनें ज्या शेतकऱ्यानें पोतीं घरांत ठेविलीं, त्याला नेमकी त्याच वेळीं हजारों एकरांच्या शेतांतून आलेल्या मालाची वार्ता ऐकावी लागते. कापसाचेंही तेंच होऊं लागलें आहे. २०२३-२४ च्या हंगामांत ब्राझीलनें अमेरिकेस मागें टाकून कापसाच्या निर्यातींत पहिला क्रमांक घेतला, आणि मातो ग्रोसो प्रांतांतील बहुतेक कापूस सोयाबीन काढलेल्या शेतांतच दुसरें पीक म्हणून घेतला जातो.