आधी पत्रा, मग रंग : गंजलेली फियाट घरी उभी करताना

दिवाळी आली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या हवेतला ओलावा उतरू लागतो. इथून मे महिन्यापर्यंतचा काळ जुन्या गाडीच्या पत्र्याच्या कामाला सर्वांत चांगला. सोसायटीच्या आवारात किंवा घरामागच्या अंगणात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असलेली फियाट ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. परदेशी स्पोर्ट्स गाड्या आयातीच्या कडक बंधनांमुळे मध्यमवर्गाच्या दारात कधी आल्याच नाहीत. आपल्याकडच्या हौशी चालकांनी वेगाची हौस भागवली ती बरीचशी फियाटवर. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाट ११०० शर्यतीत धावायची.

ही गाडी आपल्या शेजारची आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली. तीच पुढे १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, ही तिची ओळख. १९९० च्या दशकात याच कंपनीच्या कल्याणजवळच्या कारखान्यात प्यूजो ३०९ तयार होत होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. आता उरल्या आहेत त्या खासगी गाड्या, आणि त्या टिकवणं मालकांच्याच हातात आहे.

गंज इथे लवकर का चढतो

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि गंजाला सुरुवात होते. त्यात मीठ मिसळलं तर हा वेग कितीतरी वाढतो. ठाण्याची खाडी आणि उल्हास नदीची कल्याणपर्यंत आत आलेली खाडी जवळच आहे. डोंबिवलीला रासायनिक कारखान्यांचा शेजार आहे. तिथल्या हिरव्या पावसाची बातमी जानेवारी २०१४ मध्ये आणि गुलाबी झालेल्या रस्त्याची फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वांनी वाचली. हवेत सल्फर डायऑक्साइडसारखे वायू असले की ओल्या पत्र्यावर आम्ल तयार होतं आणि गंज आणखी खोल जातो. २६ जुलै २००५ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांची गोष्ट तर वेगळीच. त्यांच्या पोकळ भागांत शिरलेला गाळ आजही ओल धरून ठेवतो.

गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतं. म्हणून तो रंग फुगवतो आणि दोन पत्र्यांमधला सांधा फाकवतो. रंगावर एक बारीक फोड दिसला, की आत त्याहून मोठा भाग सडलेला आहे असंच समजावं.

आधी तपासणी

फियाट ११०० ला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ उंबरे आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे दाराखालचा पत्रा सडला तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीच्या बळाचा होतो.

चटया आणि सीट काढा, चांगला उजेड घ्या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका : चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द आवाज देतो. संशय येईल तिथे टोकाने दाबून पाहा. लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून बाहेरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पूर्वी कोणीतरी लांबीचा जाड थर भरलेला असतो. दाराखालचे उंबरे, जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी, दारांचे तळ, डिकीचा तळ, बॅटरीचा ट्रे आणि समोरच्या काचेखालचा पाणी वाहून जाण्याचा मार्ग, या जागा हमखास सडतात. प्रत्येक भाग सोडवण्यापूर्वी फोटो काढा. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरून त्यांवर नावं लिहा. महिन्यांनी जोडणी करताना हीच नोंद कामाला येते.

घरी काय, कारखान्यात काय

सुटे भाग उघडणं, घासणं, गंज उतरवणं, प्रायमर लावणं ही कामं घरी होतात. लहान भागांसाठी साखर कारखान्यातली मळी उत्तम. एक भाग मळीत नऊ-दहा भाग पाणी घालून भाग बुडवून ठेवला, की आठ-पंधरा दिवसांत गंज सुटतो आणि चांगलं लोखंड जवळपास तसंच राहतं. ॲल्युमिनियमचे भाग मात्र त्यात टाकू नयेत. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा सौम्य प्रवाह सोडूनही गंज काढता येतो. त्यासाठी दुसरा ध्रुव साध्या लोखंडाचा घ्यावा. स्टेनलेस स्टील वापरल्यास पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेतच करावं. फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण उरलेला पातळ गंज बांधून टाकतं, पण भोक पडलेल्या पत्र्याला ते काहीच करू शकत नाही.

तिथे पत्रा कापून नवा जोडावाच लागतो, आणि हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नये. ठाणे-डोंबिवलीकरांचं भाग्य असं, की ते करणारे हात जवळच आहेत. राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ साली सुरुवात झाली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून. तिथे आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या यंत्रांच्या छोट्या कार्यशाळा आहेत. पुठ्ठ्याचा नमुना कापून नेला, की साधारण १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात तसा तुकडा वाकवून मिळतो. जुने सुटे भाग शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच.

कारागिराला तीन गोष्टी आधीच सांगा. पहिली : उंबरा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार ठोकून घ्या आणि एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मधोमध खचते आणि दारं पुन्हा नीट बसत नाहीत. दुसरी : गॅसच्या झोतापेक्षा मिग वेल्डिंग बरं, तेही थोडं-थोडं, जागा बदलत. सलग ओढलेल्या झाळेने पातळ पत्रा तापून वाकतो. तिसरी : सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा नुसता चिकटवू नका, चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी उतरवा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफही स्फोट घडवू शकते, म्हणून टाकीला घरी झाळ लावू नये. जुन्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ती धूळ फुंकून उडवू नये.

रंगाच्या आधी आणि नंतर

नव्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलर आणि शेवटी लांबीचा पातळ हात, हा क्रम सोडू नका. लांबी पाणी शोषते, म्हणून ती उघड्या लोखंडावर भरणं म्हणजे नव्या गंजाला जागा देणं. दोन भाग मिसळून लावायच्या आधुनिक रंगांतलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं. तो रंग बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कसह, रंगाच्या बंद खोलीतच मारून घ्यावा. काम संपलं की पोकळ भागांत गंजरोधक मेण फवारा आणि दारांच्या, उंबऱ्यांच्या तळाची पाणी जाण्याची भोकं उघडी ठेवा. गंजावर काळं अंडरकोटिंग थापलं की ओल आतच कोंडते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून रबरी नळ्या बदलाव्यात आणि गाडी महिनोन्महिने जुन्या पेट्रोलवर उभी ठेवू नये.

कागदपत्रं

कापाकापीपूर्वी चासी आणि इंजिन क्रमांकाच्या जागा शोधून त्यांचे फोटो काढा. त्या जागांना हात लावू देऊ नका. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नव्याने घ्यावी लागते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि मूळ रूप राखलेल्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये वेगळा नियम केला. त्यात ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. म्हणजे १९७४-७५ च्या पहिल्या पद्मिनी आता या नियमात बसू लागल्या आहेत.

चकचकीत रंग मारून विकलेल्या आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा फुटलेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पैसे मर्यादित असतील तर रंग पुढच्या वर्षी करा, यंदा फक्त उंबरे आणि तळ करा. प्रायमरवर उभी असलेली भक्कम गाडी रंगवलेल्या सडक्या गाडीपेक्षा केव्हाही मोलाची. तेव्हा फराळ आटोपला की ताडपत्री काढा, चटया उचला आणि तळाचा पत्रा ठोकून बघा. अजून सहा-सात कोरडे महिने हातात आहेत.