हिरवळ विकताना लिहून दिलेला शब्द

विम्बल्डनच्या टेनिस क्लबाच्या फाटकातून बाहेर पडून चर्च रोड ओलांडला, की पलीकडे ७३ एकरांचं जुनं गोल्फ मैदान लागतं. साऱ्या जगाला ठाऊक असलेला टेनिसचा पसारा आहे ४२ एकरांचा. म्हणजे रस्त्यापलीकडची जमीन त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट. तिची मालकी क्लबाकडेच आहे. तरीही तिथे काय बांधावं, यावरून क्लब, दोन कौन्सिलं, लंडनच्या महापौरांचं कार्यालय आणि आसपासचे रहिवासी यांच्यात मोठा झगडा झाला. क्लबाचं बांधकाम आणि शेजाऱ्यांची घरं हा वाद जगभर कुठे ना कुठे चालूच असतो. इथे मात्र एक लेखी शब्द मध्ये आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म त्यातच आहे.

ही जमीन मुळात अर्ल स्पेन्सर यांच्या उद्यानाची. १७६० च्या दशकात ‘केपेबिलिटी’ ब्राऊन या ख्यातनाम उद्यानरचनाकाराने तिथे तळं घडवलं, उतारांवर झाडं लावली. पुढे या जहागिरीचे तुकडे पडून घरं उठू लागली, तेव्हा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विम्बल्डनच्या नगरपालिकेने उरलेला भाग विकत घेतला. त्यातल्या एका भागात सार्वजनिक बाग झाली. दुसऱ्या भागात १८९८ पासून गोल्फ क्लब होता, तो भाडेपट्ट्याने तिथेच राहिला. हे सगळं भूदृश्य आज संरक्षित वारशाच्या यादीत दुसऱ्या श्रेणीच्या वरच्या पायरीवर आहे.

नगरपालिकेची ही जमीन पुढे मर्टन कौन्सिलकडे आली, आणि १९९३ साली तिने गोल्फ मैदानाची मालकी ५२ लाख पौंडांना टेनिस क्लबाला विकली. लोकांचा विरोध होता, म्हणून विक्रीखतात बंधनं घातली गेली : जमीन खेळ, करमणूक किंवा मोकळी जागा म्हणूनच वापरायची, आणि लोकांना लाभणारा तिचा मोकळेपणा बिघडेल असं काही उभारायचं नाही. ही जमीन मोकळीच राहावी या भावनेशी आपण सहमत आहोत, असं क्लबाच्या तेव्हाच्या नेतृत्वानेही जाहीरपणे सांगितलं होतं. घरासमोरची हिरवळ विकली गेली तरी ती तशीच राहील, या भरवशावर शेजारी शांत झाले.

गोल्फ क्लबाचा पट्टा २०४१ पर्यंतचा होता. तो आधीच संपवण्यासाठी टेनिस क्लबाने २०१८ मध्ये साडेसहा कोटी पौंड देऊ केले. साडेसातशेहून अधिक सभासदांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला ८५ हजार पौंडांपर्यंत रक्कम येणार होती, आणि मोठ्या बहुमताने त्यांनी ती स्वीकारली. त्या मतदानात मैदानाभोवती राहणाऱ्यांना अर्थातच जागा नव्हती.

२०२१ मध्ये आराखडा दाखल झाला. ३८ नवी गवती कोर्टं, त्यांखेरीज ८,००० आसनांचं एक मोठं प्रेक्षककोर्ट, खेळाडूंसाठी इमारती, देखभालीची केंद्रं, नवे रस्ते. सुमारे ३०० झाडं जाणार. त्याहून कितीतरी अधिक लावू, असं क्लबाचं सांगणं. क्लबाची गरज खोटी नाही, हे आधी कबूल करायला हवं. चार ग्रँड स्लॅम स्पर्धांपैकी विम्बल्डनच्याच पात्रता फेऱ्या मुख्य आवारात होत नाहीत. त्या काही मैलांवर रोहॅम्प्टनच्या मैदानावर होतात. शिवाय गोल्फच्या काळात सामान्य माणसाला या मैदानावर पाऊल ठेवता येत नव्हतं. आता २० एकरांहून अधिक जागा बाग म्हणून लोकांना खुली करू, तळ्यातला गाळ काढू, काठाने फिरायला लाकडी वाट बांधू, असं क्लब म्हणतो. हा मुद्दा वजनदार आहे. त्यावर रहिवाशांचं उत्तरही तितकंच नेमकं आहे : गोल्फ थांबल्यावर तळ्याभोवती वाट देण्याचं बंधन १९९३ च्या व्यवहारातच होतं. जे आधीच देणं लागत होतं, ते नव्या बांधकामाचा मोबदला म्हणून कसं मोजायचं?

मैदानाचा मोठा भाग मर्टनमध्ये, उत्तरेचा थोडा तुकडा शेजारच्या वाँड्सवर्थ कौन्सिलच्या हद्दीत. त्यामुळे परवानगी दोघांची लागत होती. लंडनच्या आराखड्यात अशा ‘महानगरी मोकळ्या जमिनी’ला शहराबाहेरच्या हरित पट्ट्याइतकंच संरक्षण आहे. अगदी खास परिस्थिती असल्याखेरीज तिथे बांधता येत नाही. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी मर्टनच्या समितीने तासन् तास बाजू ऐकून सहा विरुद्ध चार मतांनी होकार दिला : नुकसान आहे, पण फायदे त्याहून जास्त. महिनाभराच्या आत वाँड्सवर्थच्या समितीने एकमताने नकार दिला : नुकसान आहे, आणि फायद्यांनी ते भरून निघत नाही. जमीन तीच, आराखडा तोच, धोरणही तेच. ‘खास परिस्थिती’ या शब्दांना माप नाही, हे यातून जितकं स्पष्ट होतं तितकं कुठल्याही पाठ्यपुस्तकातून होणार नाही.

मग लंडनच्या महापौर कार्यालयाने निर्णय स्वतःकडे घेतला. महापौर सादिक खान यांनी या योजनेला आधीच जाहीर पाठिंबा दिलेला असल्याने ते बाजूला राहिले. २७ सप्टेंबर २०२४ च्या सुनावणीनंतर उपमहापौर ज्यूल्स पाइप यांनी परवानगी दिली. ‘सेव्ह विम्बल्डन पार्क’ ही रहिवाशांची संघटना उच्च न्यायालयात गेली. १९९३ च्या अटी आणि जमिनीवरचा लोकांचा हक्क नीट विचारात घेतलेच नाहीत, हा तिचा युक्तिवाद. जुलै २०२५ मध्ये न्यायमूर्ती सैनी यांनी तो फेटाळला. काय विचारात घ्यायचं आणि त्याला किती महत्त्व द्यायचं हा नियोजनाचा निवाडा आहे, आणि तो विवेकाला सोडून नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

कायद्याने हे बरोबर असेलही. इंग्लंडमध्ये खाजगी करारातलं बंधन आणि नियोजनाची परवानगी या दोन वेगळ्या वाटा मानतात. परवानगी मिळाली म्हणून बंधन सुटत नाही. पण हा दोन खाजगी माणसांमधला करार नव्हता. लोकांच्या संस्थेने लोकांची जमीन विकताना लोकांसाठी घातलेली ती अट होती. परवानगीचा विचार करताना तिला बाजूला ठेवणं मला पटत नाही.

आपल्याकडच्या नगररचनेचं मूळही इंग्लंडच्याच कायद्यात आहे. १९०९ च्या ब्रिटिश कायद्यापाठोपाठ १९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला. आज महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम चालतो. विकास आराखड्यावर किंवा कलम ३७ खालच्या फेरबदलावर आपल्याला हरकती नोंदवता येतात. पण आराखड्यात बसणाऱ्या एखाद्या बांधकामाला परवानगी देताना शेजाऱ्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकण्याची सक्ती त्यात नाही. विम्बल्डनचे रहिवासी न्यायालयात हरले, पण त्याआधी दोन समित्यांपुढे आणि महापौर कार्यालयापुढे ते उभे राहून बोलले. हा फरक लहान नाही.

रहिवाशांच्या लढ्याचा दुसरा धागा वेगळा आहे. सार्वजनिक मोकळी जागा कौन्सिल लोकांची विश्वस्त म्हणून सांभाळते. ती विकण्याआधी स्थानिक वर्तमानपत्रात लागोपाठ दोन आठवडे जाहिरात द्यावी लागते. श्रूजबरी या इंग्लंडमधल्या गावातल्या एका मैदानाबाबत मार्च २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जाहिरात न देता जमीन विकली तर खरेदीदाराच्या हाती गेल्यावरही लोकांचा तिथे वावरण्याचा हक्क शिल्लक राहतो. तिथली बांधकामाची परवानगी रद्द झाली. गोल्फ मैदानावरही असाच हक्क आहे, हे रहिवाशांचं म्हणणं; क्लबाला ते मान्य नाही, आणि हा प्रश्न परवानगीच्या खटल्यापासून वेगळा ठेवला गेला. तो हक्क असल्याचं ठरलं, तर परवानगी हाती असूनही क्लबाला त्या मैदानाला कुंपण घालून तिकिटं विकता येणं अवघड होईल. तो नसल्याचं ठरलं, तरी १९९३ चं बंधन उरतंच. ते बजावण्याचा अधिकार मर्टन कौन्सिलकडे आहे, आणि सहा विरुद्ध चार मतांनी होकार दिला म्हणून तो अधिकार कौन्सिलने सोडून देऊ नये.